जागा कोणाची, काम कोणाचं: फॅन्टसी फुटबॉलच्या ड्राफ्टआधी ऑगस्टमधली चुरस कशी वाचायची

७ सप्टेंबर २०१७. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या हंगामाचा पहिलाच सामना, न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या घरच्या मैदानावर. कॅन्सस सिटी चीफ्सचा नवखा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) करीम हंट पहिल्यांदाच चेंडू घेऊन धावतो, आणि चेंडू हातातून निसटून समोरच्या संघाकडे जातो. पदार्पणाची याहून वाईट सुरुवात होणं कठीण. पण त्याच सामन्यात पुढे त्याने धावून १४८ आणि झेल घेऊन ९८ असे २४६ यार्ड काढले, वर ३ टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. हंगाम संपला तेव्हा १,३२७ यार्डांसह धावण्यात तो सगळ्या एनएफएलमध्ये पहिला होता.

त्याच्या दोन आठवडे आधी हाच हंट संघात दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिली जागा स्पेन्सर वेअरची होती. २५ ऑगस्टला सिअ‍ॅटलमधल्या प्रीसीझन (हंगामाआधीच्या सरावाच्या) सामन्यात वेअरचा गुडघा गेला आणि जागा रिकामी झाली. त्याआधी ज्यांचा फॅन्टसीचा ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, उरकला त्यांना हंट स्वस्तात मिळाला होता. नंतर ज्यांचा झाला त्यांना त्याच्यासाठी बऱ्याच वरच्या फेरीतली निवड खर्ची घालावी लागली.

अमेरिकेत नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींना ऑगस्टमध्ये ऑफिसातून हमखास विचारणा होते, 'आमच्या लीगमध्ये एक जागा आहे, येतोस का?' काही जण तिथल्या मित्रांच्या आग्रहामुळे पुण्या-मुंबईत बसूनही खेळतात. पहिल्या वर्षी बहुतेक जण कुठली तरी तयार यादी उघडतात आणि वरून खाली नावं उचलत जातात. त्यात काही गैर नाही. पण त्या याद्यांमध्ये सगळ्यात जास्त उलथापालथ होते ती ज्यांची जागा अजून ठरलेली नाही अशा खेळाडूंची, आणि थोडा अभ्यास करणाऱ्याला फायदाही तिथेच मिळतो. हा लेख तेवढ्याच भागाबद्दल आहे.

आधी थोडं प्राथमिक. फॅन्टसीत खऱ्या खेळाडूंचा आपला कागदावरचा संघ करायचा, आणि ते खऱ्या सामन्यात जे करतात त्यावरून आपल्याला गुण मिळतात. मोबाईलवर क्रिकेटचा फॅन्टसी खेळ खेळला असाल, तर तिथे दर सामन्याला नवा संघ निवडता येतो आणि एकच फलंदाज लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे तसं नाही. लीगमध्ये १० किंवा १२ जण असतात, हंगामाआधी एकदाच ड्राफ्ट होतो, आणि एक खेळाडू एकाच मालकाकडे जातो. फेऱ्या सापासारख्या वळतात. पहिल्या फेरीत शेवटी निवडणारा दुसऱ्या फेरीत पहिला निवडतो. गुणांचा सर्वसाधारण हिशेब असा: धावून किंवा झेल घेऊन काढलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६, आणि 'पीपीआर' लीग असेल तर प्रत्येक झेलाला आणखी १. तुमची लीग पीपीआर आहे, अर्धा गुण देणारी आहे की झेलाला काहीच देत नाही, हे आजच विचारून घ्या. पुढचं अर्धं गणित त्यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी: तारखा वहीत लिहा

जुलैच्या अखेरीस ३२ संघांचे ट्रेनिंग कॅम्प सुरू होतात. प्रत्येक संघात तेव्हा सुमारे ९० खेळाडू असतात. ऑगस्टभर प्रीसीझनचे ३ सामने होतात (२०२१ पासून ३, त्याआधी ४ असत). ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका दिवशी संघ ५३ वर आणावा लागतो, म्हणजे देशभरात हजारावर खेळाडू एकाच दिवशी मोकळे होतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे असतो, आणि त्याच आठवड्यात खरा हंगाम सुरू होतो. १८ आठवडे चालतो, प्रत्येक संघ १७ सामने खेळतो.

या तारखांवरून एक गोष्ट उघड दिसते: ड्राफ्ट जितका उशिरा, तितकं चांगलं. २०२१ मध्ये बॉल्टिमोर रेव्हन्सचा पहिल्या पसंतीचा रनिंग बॅक जे. के. डॉबिन्स २८ ऑगस्टला शेवटच्या प्रीसीझन सामन्यात गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला. सगळे त्याच्या जोडीदाराकडे, गस एडवर्ड्सकडे वळले. त्याचा भाव रातोरात चढला, म्हणजे लोक त्याला बरंच आधी निवडू लागले. ९ सप्टेंबरला सरावात एडवर्ड्सचाही गुडघा गेला, तोही संघाच्या पहिल्या सामन्याला चार दिवस उरलेले असताना. या दोघांना उचलणाऱ्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण लीग चालवणाऱ्याशी तुमची ओळख असेल तर संघ ५३ वर आल्यानंतरची, लेबर डेच्या आसपासची तारीख मागून घ्या.

भारतातून भाग घेणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री ८ ला ड्राफ्ट म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. रविवारी दुपारी १ चे सामने सप्टेंबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला.

दुसरी पायरी: कुठल्या लढतीकडे बघायचं ते ठरवा

३२ संघ, प्रत्येकात पाच-सात जागांची चुरस. सगळं वाचायला बसलात तर ड्राफ्टपर्यंत थकून जाल. मी दर वर्षी आठच लढती निवडतो. त्यातल्या पाच-सहा रनिंग बॅकच्या असतात.

कारण साधं आहे. रनिंग बॅकचं काम बहुधा एका जागी एकवटलेलं असतं. बऱ्याच संघांत एकच माणूस १५-२० वेळा चेंडू घेऊन धावतो. तो बदलला की बरंचसं काम दुसऱ्याकडे जातं. वाइड रिसीव्हरमध्ये (पुढे धावत जाऊन झेल घेणारे) मैदानावर एका वेळी बहुधा तिघे असतात, त्यामुळे तिसऱ्या जागेची लढत जिंकणाऱ्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. रिसीव्हरची लढत बघायची असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या जागेची बघा. टाइट एंडमध्ये (झेलही घेणारे आणि बचावपटूंना अडवणारेही) चुरस बहुधा बिनमहत्त्वाची असते. दोघांत काम वाटलं गेलं तर दोघेही निरुपयोगी. किकर आणि डिफेन्स सोडून द्या.

क्वार्टरबॅकची (चेंडू फेकून पास देणाऱ्याची) लढत बातम्यांत सगळ्यात मोठी असते, पण बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक लागतो, आणि ज्याची जागाच नक्की नाही असा क्वार्टरबॅक तुम्ही पहिल्या बारांत घेणार नाही. मग ती लढत का बघायची? तो ज्यांच्याकडे चेंडू फेकणार त्यांच्यासाठी. २०२५ मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये अँथनी रिचर्डसन आणि डॅनियल जोन्स यांच्यात चुरस होती. रिचर्डसन धावण्यात जबरदस्त, पण २०२४ मध्ये त्याचे जेमतेम ४७.७ टक्के पास पूर्ण झाले होते. १९ ऑगस्टला प्रशिक्षक शेन स्टायकेन यांनी जोन्सचं नाव जाहीर केलं. बहुतेकांनी 'जोन्स घ्यायचा की नाही' एवढाच विचार केला. खरी बातमी कोल्ट्सच्या रिसीव्हरांसाठी आणि नवख्या टाइट एंड टायलर वॉरनसाठी होती, कारण आता त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचणार होता. पहिल्याच सामन्यात वॉरनने ७ झेल घेऊन ७६ यार्ड काढले.

तिसरी पायरी: जागेचे तुकडे करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि इथेच नवखे लोक सर्वाधिक गोंधळतात. 'अमुक जण पहिल्या क्रमांकाचा ठरला' ही बातमी वाचून थांबू नका. रनिंग बॅकचं काम एक नसतं, चार असतात.

पहिलं, नेहमीच्या धावा. संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांतल्या पहिल्या दोन प्रयत्नांत धावण्याचं काम. दुसरं, तिसऱ्या प्रयत्नाचं काम. तेव्हा बहुधा पास होतो, त्यामुळे तिथे झेल घेणारा आणि अंगावर येणाऱ्या बचावपटूला अडवून क्वार्टरबॅकला वाचवणारा माणूस लागतो. तिसरं, अर्ध संपायला किंवा सामना संपायला दोन मिनिटं उरलेली असताना घाईघाईने पुढे सरकतानाचं काम. तेही बहुधा झेल घेणाऱ्याकडेच जातं. चौथं, गोल लाइनजवळचं, म्हणजे टचडाउनच्या रेषेजवळचं. शेवटच्या दोन-तीन यार्डांत चेंडू कोणाला देतात, त्यावर टचडाउन ठरतात.

आता हिशेब करा. पीपीआर लीगमध्ये एकाने १५ वेळा धावून ६० यार्ड काढले तर ६ गुण. दुसऱ्याने ५ झेल घेऊन ४० यार्ड काढले तर ९ गुण. म्हणजे ज्याला सगळे 'राखीव' म्हणतात तो पुढे. झेलाला गुण नसलेल्या लीगमध्ये हेच आकडे ६ विरुद्ध ४ होतात.

याचं नेमकं उदाहरण २०२२ चं ह्यूस्टन टेक्सन्स. एनएफएल ड्राफ्टमध्ये (संघ महाविद्यालयांतले नवे खेळाडू निवडतात तो) चौथ्या फेरीत घेतलेला नवखा डेमियन पिअर्स प्रीसीझनमध्ये उठून दिसला, मग पुढच्या सामन्यात संघाने त्याला मुद्दाम बसवून ठेवलं, अनुभवी मार्लन मॅकला सोडून दिलं. प्रत्येक खूण सांगत होती की जागा पिअर्सची. त्याचा भाव दर आठवड्याला चढत गेला. पहिल्या सामन्यात पिअर्स ११ वेळा धावला, ३३ यार्ड. त्याच संघातला अनुभवी रेक्स बर्कहेड १४ वेळा धावला, वर ५ झेल, आणि अर्ध्याहून बराच जास्त वेळ मैदानावर तोच होता. पुढे पिअर्सने जागा खरोखर मिळवली, १३ सामन्यांत ९३९ यार्ड काढले. लढत कोण जिंकणार, याचा लोकांचा अंदाज बरोबरच होता. पण तिसऱ्या प्रयत्नाचं काम बर्कहेडकडे राहणार, हे ऑगस्टमध्येही दिसत होतं, आणि भाव मात्र चारही कामं मिळणार असल्यासारखा लागला होता.

म्हणून वहीत प्रत्येक लढतीसाठी चार ओळी आखा. प्रत्येक कामासमोर नाव लिहा. माहीत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. एका माणसाकडे तीन कामं दिसली तर तो मोलाचा. दोन-दोन वाटली गेली असतील तर दोघांचीही किंमत मनातल्या मनात कमी करा.

चौथी पायरी: संघाने कोणावर काय लावलं आहे ते बघा

कॅम्पची एकही बातमी वाचण्याआधी अंदाज बांधायचा असेल तर दोन गोष्टी पुरतात: खेळाडू एनएफएल ड्राफ्टच्या कितव्या फेरीत घेतला होता, आणि करारात किती रक्कम हमीची आहे. पहिल्या-दुसऱ्या फेरीत घेतलेल्याला संधी पुन्हा पुन्हा मिळते. सातव्या फेरीतल्याला एकदा मिळते.

पण हा नुसता पहिला अंदाज. २०१२ मध्ये सिअ‍ॅटल सीहॉक्सने मॅट फ्लिनला क्वार्टरबॅक म्हणून मोठ्या करारावर आणलं होतं. तिसऱ्या फेरीत, ७५ व्या क्रमांकावर घेतलेला रसेल विल्सन त्याच्या शेजारी उभा होता. पैशांकडे बघणाऱ्याने डोळे मिटून फ्लिन म्हटलं असतं. पण प्रशिक्षक पीट कॅरल यांनी तिसऱ्या प्रीसीझन सामन्यात पहिल्या फळीबरोबर विल्सनला उतरवलं, आणि सामन्यानंतर त्याचं नाव जाहीर केलं. त्या हंगामात विल्सनने २६ टचडाउन पास फेकून नवख्या खेळाडूच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी केली.

आणखी वेगळी गोष्ट जेम्स रॉबिन्सनची. २०२० मध्ये कोविडमुळे प्रीसीझनचा एकही सामना झाला नाही. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने ३१ ऑगस्टला लिओनार्ड फोर्नेटला सोडून दिलं. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला माणूस! मागे राहिला तो कोणत्याच फेरीत न निवडला गेलेला रॉबिन्सन. त्याने धावून १,०७० आणि एकूण १,४१४ यार्ड काढले. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या नवख्याने एवढे यार्ड त्याआधी कधी काढले नव्हते. तो कुठलीही मोठी लढत जिंकला नव्हता. त्याच्या पुढची माणसं हलली आणि रस्ता मोकळा झाला. म्हणून 'हा किती चांगला आहे' याच्याबरोबर 'याच्या पुढे कोण कोण आहे' हेही लिहून ठेवा. कधी कधी दुसरंच जास्त उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: सामना बघताना यार्ड मोजू नका

प्रीसीझनचा सामना बघताना नजर धावफलकाकडे जाते. ती सवय मोडायला वेळ लागतो, पण मोडाच. हे तीन प्रश्न विचारा.

तो कोणाबरोबर खेळला? क्वार्टरबॅक पहिल्या फळीचा होता का, त्याच्यापुढे बचावपटूंना अडवणारी ओळ नेहमीची होती का? तो कधी खेळला? पहिल्या चढाईत उतरला की चौथ्या पर्वात, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या पाव भागात? चौथ्या पर्वात समोर जे बचावपटू असतात त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं आठवड्याभरात कापली जाणार असतात. त्यांच्याविरुद्ध ९० यार्ड काढणं आणि पहिल्या पर्वात पहिल्या फळीविरुद्ध तीन वेळा धावून ९ यार्ड काढणं, यात मी दुसऱ्याला जास्त किंमत देतो. आणि तिसरा प्रश्न, तिसऱ्या प्रयत्नाला तो मैदानावर राहिला की बाहेर आला? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सामन्याच्या संक्षिप्त चित्रफितीत दिसत नाही. त्यासाठी पहिल्या फळीच्या दोन-तीन चढाया पूर्ण बघाव्या लागतात. जेमतेम वीस मिनिटांचं काम आहे, आणि महिन्याभरातला सगळ्यात मोलाचा अभ्यास तोच.

जो खेळलाच नाही, त्याच्याकडेही लक्ष द्या. दुखापत नसताना एखाद्याला इतर नावाजलेल्या खेळाडूंबरोबर साध्या कपड्यांत मैदानाबाहेर उभं केलं, तर संघाने त्याची जागा ठरवून टाकली आहे असं समजायला हरकत नाही. मात्र संघाची रीत माहीत हवी. प्रशिक्षक शॉन मॅकव्हे यांचा लॉस एंजेलिस रॅम्स संघ प्रीसीझनमध्ये आपल्या मुख्य खेळाडूंना जवळपास उतरवतच नाही. तिथे सगळेच बसलेले असतात, त्यामुळे बसण्याला वेगळा अर्थ उरत नाही.

फसवणाऱ्या सामन्याचं उदाहरण मला अजून बोचतं, कारण त्या वर्षी तो खेळाडू माझ्याच संघात होता. २३ ऑगस्ट २०२१, न्यू ऑर्लिन्स सेंट्स विरुद्ध जॅग्वार्स. मार्केझ कॅलवेने ५ झेल, १०४ यार्ड, २ टचडाउन. संघाचा मोठा रिसीव्हर मायकेल थॉमस जखमी होता, त्यामुळे कॅलवेची पहिली जागा खरीच होती, आणि पहिल्या फळीबरोबर खेळूनच त्याने हे केलं होतं. माझ्या तिन्ही प्रश्नांना त्याची उत्तरं बरोबर होती. पहिल्या खऱ्या सामन्यात सेंट्सने ग्रीन बे पॅकर्सना ३८-३ ने हरवलं, क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनने ५ टचडाउन पास फेकले, आणि कॅलवेच्या नावावर १ झेल, १४ यार्ड. विन्स्टनने त्या दिवशी एकूण १४८ यार्डच फेकले होते. मी जागा बघितली, पण हा संघ एकूण किती पास फेकणार आहे हे बघितलं नाही. तेव्हापासून रिसीव्हरच्या लढतीसमोर मी आणखी एक ओळ लिहितो: संघ गेल्या वर्षी पास जास्त फेकत होता की धावत होता, आणि यंदा क्वार्टरबॅक किंवा प्रशिक्षक बदलला आहे का. संघाचा आधीचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ निवृत्त झाल्यानंतरचा तो पहिलाच हंगाम होता.

हल्ली दोन संघ सामन्याआधी दोन दिवस एकत्र सराव करतात. बऱ्याच प्रशिक्षकांना तो सामन्याहून महत्त्वाचा वाटतो, कारण पहिली फळी पहिल्या फळीविरुद्ध तिथेच उतरते. तो टीव्हीवर दिसत नाही, पण त्या शहरातले वार्ताहर तिथे हजर असतात.

सहावी पायरी: शब्द चाळून घ्या

पहिल्या प्रीसीझन सामन्याआधी प्रत्येक संघ डेप्थ चार्ट, म्हणजे प्रत्येक जागेवर पहिला कोण, दुसरा कोण याची यादी, प्रसिद्ध करतो. वर 'अनधिकृत' असं लिहिलेलं असतं, ते खरं माना. नवख्यांना तिथे बऱ्याचदा मुद्दाम खाली ठेवतात, हक्काची जागा आधीच मिळाली असं त्यांना वाटू नये म्हणून. दोन नावांमध्ये 'किंवा' दिसला तर ती लढत मात्र नक्की वहीत घ्या.

प्रशिक्षक काय बोलतात यापेक्षा काय करतात ते बघा. 'तो या शिबिरात फार छान दिसतोय' हे वाक्य ३२ ही संघांत रोज बोललं जातं, त्याला शून्य किंमत. 'ज्याचा हात चालतोय त्याला चेंडू देऊ' याचा अर्थ काम वाटलं जाणार, म्हणजे दोघांचाही भाव कमी करा. 'क्वार्टरबॅकला वाचवण्यात त्याने अजून सुधारायला हवं' हे नवख्या रनिंग बॅकबद्दल आलं तर ते गंभीरपणे घ्या. तिसऱ्या प्रयत्नाचं काम त्याला सप्टेंबरात मिळणार नाही, असंच ते सांगत आहेत.

एका हाताने घेतलेल्या अफलातून झेलाची चित्रफीत ऑगस्टमध्ये दररोज फिरते. बघा, आनंद घ्या, वहीत लिहू नका. त्याऐवजी संघाचं रोजचं वार्तांकन करणारे स्थानिक पत्रकार निवडा, प्रत्येक लढतीसाठी दोघे. एक जण चुकू शकतो. दोघे वेगवेगळ्या दिवशी 'आज पहिल्या फळीबरोबर अमुक होता' असं लिहीत असतील तर त्यावर विसंबता येतं. अशा वेळी 'आज कोण उतरलं' ही माहिती घ्या आणि 'कोण जिंकेल' हे मत सोडून द्या.

दुखापतीच्या बातम्यांत एकच नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. संघ ५३ वर आणताना जो 'पीयूपी' यादीत (खेळण्याइतके बरे न झालेल्यांच्या) राहतो, त्याला निदान पहिले ४ सामने खेळता येत नाहीत. म्हणजे त्याच्या मागच्या माणसाला एक महिना नक्की मिळाला.

सातवी पायरी: भावाशी ताडून बघा

इतकं सगळं करून तुम्हाला लढतीचा निकाल कळला, तरी तो इतरांनाही कळला असेल तर फायदा नाही. तुमच्या लीगच्या अ‍ॅपवर प्रत्येक खेळाडूसमोर 'एडीपी' दिसतो. देशभरच्या ड्राफ्टमध्ये तो सरासरी कितव्या क्रमांकावर जातो आहे, तो आकडा. दर रविवारी तुमच्या आठ लढतींमधल्या खेळाडूंचा हा आकडा लिहून ठेवा. चार रविवारांत कोणाचा भाव बातमीपेक्षा वेगाने चढला आणि कोणाचा चढायचा राहिला, ते आपोआप दिसतं.

माझी रीत अशी. निकाल स्पष्ट नसेल आणि दोघांच्या भावात मोठं अंतर असेल, तर स्वस्त असलेला घ्या. २०२४ मध्ये टँपा बे बकनीअर्समध्ये रशाद व्हाइट वरच्या फेऱ्यांत जात होता आणि चौथ्या फेरीतला नवखा बकी अर्व्हिंग फार खाली मिळत होता. ऑगस्टमध्ये जागा व्हाइटचीच होती, आणि 'लढत' म्हणावं असं काही जाहीरही नव्हतं. अर्व्हिंगने ती हळूहळू, हंगाम चालू असताना घेतली आणि १,१२२ यार्डांवर थांबला. त्याच्यावर लावलेली निवड वाया गेली असती तरी नुकसान जवळपास शून्य होतं.

दोघांचेही भाव चढलेले असतील आणि काम वाटलं जाणार असेल, तर दोघांनाही सोडा. ही सगळ्यात अवघड निवड आहे, कारण महिनाभर ज्यांच्याबद्दल वाचलं त्यांना सोडून देणं जिवावर येतं.

आणि एकाची जागा पक्की असेल, पण तो पडला तर सगळं काम नक्की कोणाकडे जाणार हे स्पष्ट असेल, तर त्या दुसऱ्याला शेवटच्या फेऱ्यांत जरूर घ्या. हंट २०१७ मध्ये तसाच होता. पहिला तुमच्याकडे असलाच पाहिजे असं नाही.

आठवी पायरी: ड्राफ्टची रात्र आणि पुढचे दहा दिवस

ड्राफ्टच्या वेळी वहीतलं एकच पान समोर ठेवा: आठ लढती, प्रत्येकासमोर 'या फेरीनंतर घेईन' असा एकच आकडा. निवडीला बहुधा दीड-दोन मिनिटंही मिळत नाहीत, तेवढ्यात चार ओळींचा हिशेब होत नाही. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत ज्यांची जागा ठरलेली आहे तेच घ्या. चुरशीतले खेळाडू त्यानंतर, बेंचसाठी, म्हणजे राखीव जागांसाठी. दुसरा क्वार्टरबॅक किंवा दुसरा डिफेन्स घेण्यात बेंच घालवू नका. ती जागा अशाच एखाद्या अर्व्हिंगसाठी असते.

मग पहिला सामना होतो, आणि लोक पुन्हा धावफलकच वाचतात. तुम्ही स्नॅपचा तक्ता उघडा, म्हणजे कोण किती वेळ मैदानावर होता ते. बहुतेक लीगमध्ये वेव्हरचा (ड्राफ्टनंतर कोणाकडेच नसलेले खेळाडू मागून घेण्याच्या सोयीचा) निकाल बुधवारी पहाटे लागतो, त्यामुळे हे मंगळवारी रात्रीपर्यंत करायला हवं.

१० सप्टेंबर २०२३ ला सिअ‍ॅटलमध्ये रॅम्सचा पहिला सामना झाला. कॅम एकर्स २२ वेळा धावला, २९ यार्ड. कायरन विल्यम्स १५ वेळा धावला, ५२ यार्ड, २ टचडाउन. कोण किती वेळा धावला एवढंच मोजणाऱ्याला काम एकर्सचंच दिसलं. पण मैदानावर जास्त वेळ होता विल्यम्स. पुढच्या आठवड्यात एकर्सला सामन्यासाठी घेतलंच नाही, आणि त्यानंतर लगेच तो मिनेसोटाच्या संघात गेला. विल्यम्सने १२ सामन्यांत १,१४४ यार्ड काढले. त्याच दुपारी, रिसीव्हर कूपर कूप जखमी असल्यामुळे मिळालेल्या जागेवर, पाचव्या फेरीतला नवखा पुका नकुआ उतरला होता: १० झेल, ११९ यार्ड. हंगामाअखेर त्याचे १०५ झेल आणि १,४८६ यार्ड झाले, दोन्ही नवख्यांचे तेव्हाचे विक्रम. त्या मंगळवारी बहुतेक लीगमध्ये दोघेही वेव्हरवर होते.